आमच्या नणंदबाईंचा चालता भूगोल

भारताच्या नकाशावर असं एकही गाव नसेल ज्याच्याबद्दल माझ्या नणंदेला काही सांगायचं नाही, आणि दिल्लीत असं एकही घर नसेल जिथे त्या सलग वीस मिनिटं बसल्या आहेत. स्वतःच्या घरीसुद्धा नाही. चहा त्या उभ्याने पितात, पेपर फेऱ्या मारत वाचतात, आणि फोनवर बोलताना इतक्या चालतात की बोलणं संपेपर्यंत बऱ्याचदा शेजारच्या ब्लॉकच्या फाटकापाशी पोहोचलेल्या असतात. एकदा त्यांचा मला फोन आला, तो सुरू झाला तेव्हा मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि संपत आला तेव्हा कुणीतरी "भिंडी ले लो, ताज़ी भिंडी" म्हणून ओरडत होतं. "अगं, मी बाजारात कशी आले?" असं त्यांनी मलाच विचारलं. मी तेव्हा नोएडातल्या ऑफिसात, एका मीटिंगच्या मधोमध. "ताई, कुकर बंद केलात का?" एवढंच मला सुचलं. पलीकडून फक्त धावणाऱ्या चपलांचा आवाज आला.

त्या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो, आणि त्यांच्या यजमानांना भाऊजी. भाऊजी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते, त्यामुळे आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ही मंडळी कित्येक वर्षं राहत होती. आम्ही पुण्याहून नोएडाला आलो तेव्हा आमची ओवी पहिलीत होती आणि ताईंची गार्गी नववी-दहावीत. परक्या शहरात आपलं कुणीतरी आहे म्हणून मला फार धीर वाटला होता. पहिल्याच रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. मी मदतीला स्वयंपाकघरात शिरले, तर ताई पदर खोचत म्हणाल्या, "चमचे काढ गं, ईशान्येच्या खणात आहेत." मी ओट्यासमोर उभी राहिले. खण चार होते. त्यातला ईशान्येचा कुठला हे एखाद्या शहाण्या बाईला कसं कळावं? मी एक उघडला, त्यात मेणबत्त्या होत्या. "तो आग्नेयेचा," ताई म्हणाल्या. "अग्नीचं सामान आग्नेयेला. सोप्पं आहे."

डावं-उजवं हे शब्द त्या घरात वापरायचे नाहीत असा नियम होता. डावं-उजवं माणूस वळला की बदलतं, दिशा कधी बदलत नाहीत, असं ताईंचं म्हणणं. जेवताना "भात पूर्वेकडे सरकव", पंखा लावताना "पश्चिमेचं बटण", गार्गीची वेणी घालताना "मान दक्षिणेला कर". गार्गीला सवय होती, ती वाचता वाचता मान वळवायची. बाहेरच्या जगाला मात्र सवय नव्हती. एकदा त्या मला आणि ओवीला घेऊन रिक्षाने मुनिरकाला निघाल्या होत्या. चौक आला तशी ताईंनी पुढे झुकून सांगितलं, "भैया, अब साउथ." रिक्षावाल्याने मान डोलावली. "साउथ एक्स?" "हाँ हाँ, साउथ!" ताई म्हणाल्या आणि मला दिल्लीच्या भूगर्भातल्या खडकांबद्दल सांगू लागल्या. त्या इतक्या रंगल्या होत्या की आम्ही भलतीकडेच, साउथ एक्स बाजारातल्या साड्यांच्या दुकानांसमोर उतरेपर्यंत कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. मी मनात म्हटलं, आता तरी या बाई डावं-उजवं म्हणायला लागतील. ताईंनी आजूबाजूला पाहिलं, सूर्याकडे पाहिलं आणि ओवीला म्हणाल्या, "सांग, आपण घराच्या कुठल्या दिशेला आलो?" ओवीने बरोबर सांगितलं. मी मात्र एक साडी घेऊन बसले.

ओवीला हे सगळं भलतंच आवडलं. आणि खरं सांगायचं तर आवडण्यासारखंच होतं. ताईंच्या घरी पोळी गोल नसायची. दर रविवारी कणकेची राज्यं लाटली जायची. तव्यावरून उतरलेलं राज्य ज्याने ओळखलं त्याच्या पानात ते पडायचं, पण त्याचे सगळे शेजारी सांगितल्याशिवाय तूप मिळायचं नाही. ओवी तोंडाला सुटलेलं पाणी गिळत उत्तर प्रदेश, राजस्थान, गुजरात अशी मध्य प्रदेशाच्या सीमेवरून धापा टाकत फिरायची. भाऊजी या खेळात मुरलेले होते. "मला राजस्थान वाढ," ते शांतपणे म्हणायचे, "सिक्कीमने पोट भरत नाही." कधी पान न्याहाळून, "आज छत्तीसगड जरा करपलंय," असा शेरा. एकदा ताईंनी मला लाटायला बसवलं. मी जीव तोडून एक पोळी लाटली आणि तव्यावर टाकणार तेवढ्यात ताई आनंदाने ओरडल्या, "अरे वा, आसाम! पहिल्याच फटक्यात आसाम! हे इतकं अवघड असतं!" मी ती गोल लाटत होते, हे मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांच्या कॉलनीत सगळ्या देशातून आलेली सरकारी कुटुंबं. पहिल्या मजल्यावर बिहार, समोर आंध्र, तिसऱ्या मजल्यावर केरळ, मागच्या ब्लॉकमध्ये मणिपूर. एवढा मोठा देश जिन्याने चढता-उतरता येत असताना पोरं पुस्तकातून का शिकतात, हे ताईंना कळायचं नाही. म्हणून त्यांनी वाटीचा खेळ काढला. ओवीच्या हातात एक रिकामी वाटी द्यायची, सोबत गार्गीला पाठवायचं आणि सांगायचं, "वाटीत एक राज्य घेऊन या. आणि त्यांच्या गावाजवळची नदी कुठे उगवते, कुठे बुडते, ते विचारून या." पोरी वाटीत कधी लिट्टी, कधी पुळिहोरा, कधी नाव न कळणारी हिरवी चटणी घेऊन यायच्या, आणि तोंडात गंडक नाहीतर पेन्ना. पण तिसऱ्या मजल्यावरच्या केरळी बाई कॉलनीत नव्या होत्या. महिनाअखेरीला दोन मुली रिकामी वाटी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या त्यांनी पाहिल्या आणि त्यांचा जीव कळवळला. त्यांनी वाटी तर भरलीच, शिवाय पुढचे आठ दिवस दर संध्याकाळी अवियल, सांबार आणि भाताचा डबा खाली येत राहिला. ताईंना वाटलं, काय ही भूगोलाची आवड! शेवटी एके सकाळी बस स्टॉपवर त्या बाईंच्या यजमानांनी भाऊजींना बाजूला घेतलं. "सर, कुछ प्रॉब्लम हो तो बताइए. हम लोग तो फैमिली जैसे हैं." भाऊजींनी क्षणभर विचार केला. "प्रॉब्लम तो है जी," ते म्हणाले, "पर बीस साल पुरानी है."

या प्रॉब्लेमचा कळस म्हणजे रविवारची बस. सकाळी सगळ्यांचे फोन तांदळाच्या डब्यात जमा व्हायचे, कारण नकाशावाली ती फोनमधली बाई 'डावीकडे वळा' म्हणते आणि ताईंना ती सहन होत नाही. मग स्टॉपवर जायचं आणि पहिली जी बस येईल तिच्यात चढून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं. कुठे चाललोय ते विचारायचं नाही, पाटी वाचायची नाही. सूर्य कुठल्या खिडकीत आहे ते बघून दिशा सांगायची, दुकानांच्या पाट्या, झाडं, माती, लोकांची पागोटी बघून आपण कुठल्या अंगाला आलो ते ओळखायचं. आम्हां बायकांना गुलाबी तिकीट, म्हणजे फुकट. पैसे देऊन प्रवास करणारे आमच्यात दोनच, भाऊजी आणि माझा नवरा, आणि त्यातले भाऊजी तिकीट घेतल्याबरोबर झोपायचे. त्यांना शेवटच्या स्टॉपवर हलवून उठवावं लागायचं. "आलं का?" ते विचारायचे. कुठे, ते कधीच विचारत नसत.

एकदा अशीच बस आम्हांला नजफगडला घेऊन गेली. भर मे महिना. ताई आम्हांला एका काळ्याभोर नाल्याच्या पुलावर घेऊन गेल्या. नाकाला रुमाल लावून मी म्हटलं, "ताई, इथे काय बघायचं?" "नदी," त्या म्हणाल्या. "ही साहिबी. राजस्थानातून येते. हिला आता सगळे नाला म्हणतात, पण आपण तरी हिला नावाने हाक मारूया." आणि खरोखर त्या कठड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "साहिबी!" ओवीने पाठोपाठ हाक मारली. गार्गी, जी तोवर कॉलेजात जायला लागली होती, चार पावलं लांब जाऊन आमची नसल्यासारखी उभी राहिली. पुलावरून जाणारा एक सायकलवाला थांबला आणि काळजीने पाण्यात वाकून पाहू लागला. "कौन गिर गया, बहनजी?"

मेट्रोतही तेच. राजीव चौकाकडून आमच्याकडे नोएडाला येताना गाडी यमुनेवर आली की ताई जागेवरून उठून घोषणा करायच्या, "यमुना!" मग आमच्यापैकी प्रत्येकाने काचेतून पाहून पाण्याचा रंग सांगायचा, मागच्या वेळेपेक्षा पात्र वाढलंय की आटलंय ते सांगायचं. एकदा त्यांच्या आवाजाने दचकून एका पोराने कानातला इअरफोन काढला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आंटी, यमुना बैंक अगला है. आराम से बैठ जाओ." आराम से बसणं हाच काय तो प्रांत ताईंना माहीत नव्हता.

मी कधी कधी वैतागायचे. आठवडाभर ऑफिस, रोजचा तो ट्रॅफिक, आणि रविवारी सकाळी आठला ताईंचा फोन, "निघालात का?" मला लोळायचं असायचं. मी नवऱ्याला म्हणायचे, तुझ्या बहिणीला एखादं स्टेडियम भरून माणसं दे फिरवायला, मला सोड. तो हसायचा आणि बूट घालायचा. पण एक गोष्ट मला कबूल करायला हवी. ओवीच्या वर्गातल्या इतर मराठी मुलांचं मराठी दिल्लीच्या हवेत हळूहळू विरघळत होतं. "आई, मेरेको पाणी दे ना यार" असं सगळीकडे चाललेलं. ओवी मात्र ताईंमुळे असले शब्द बोलायची की पुण्याहून आलेले पाहुणे चाट पडायचे. पावसात कॉलनीच्या बागेत डबकी साचली की ताई तिला अनवाणी घेऊन जायच्या आणि काठीने चिखल ओढून बेट, द्वीपकल्प, आखात, सामुद्रधुनी करून दाखवायच्या. त्यानंतर आमच्या घरात सोफा आणि कपाट यांच्यामधली जागा 'खिंड' झाली. ओवीच्या बाबांचा फोन तिथे पडला तेव्हा ती ओरडत आली, "बाबा, बिल्कुल टेन्शन नको, फोन खिंडीत आहे!" माझी आई पुण्याहून आली होती, तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग भाऊजी निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, हार पडले, कॉलनीतल्या सगळ्या राज्यांनी मिळून जेवण केलं. सरकारी क्वार्टर निवृत्तीनंतर आणखी काही महिने ठेवता येतं, पण नंतर सोडावंच लागतं. त्यांनी कुठेही घर घेतलेलं नव्हतं. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे ताईंच्या वडिलांचंही स्वतःचं घर नव्हतं, ते पाटबंधारे खात्यात होते आणि शेवटपर्यंत भाड्याने राहिले. त्यामुळे आता भाऊजी आणि ताईंनी कायमचं कुठे राहायचं, हा प्रश्न उभा राहिला. मला वाटलं, यात काय अवघड आहे? भारतातलं गावन् गाव ज्या बाईला पाठ आहे, तिला दोन खोल्यांची जागा सापडू नये?

सापडेना. ताईंनी दिल्लीच्या आसपासची सगळी घरं बघायचा सपाटा लावला. रविवार पुरेनासे झाले, शनिवारही त्यात गेले. प्रत्येक घरात त्या पर्समधून पाण्याची बाटली काढायच्या, हॉलच्या मधोमध थोडं पाणी ओतायच्या आणि ते कुठे वाहतं ते वाकून बघायच्या. दलाल हवालदिल व्हायचे. "मैडम, पार्क फेसिंग है," एकाने सांगितलं. "पार्क किस तरफ मुँह करके बैठा है?" ताईंनी विचारलं. "बारिश का पानी कहाँ जाएगा?" "मैडम, यहाँ बारिश होती ही कहाँ है!" एक घर यमुनेच्या पूररेषेत म्हणून बाद. एक जुन्या तळ्यावर भराव टाकून बांधलेलं म्हणून बाद. फरिदाबादचं एक बरं होतं, पण ते अरवलीला पाठ करून उभं होतं, आणि डोंगराला पाठ करणारं घर ताईंना उद्धट वाटलं. गुरगावच्या एका घरातून सूर्योदय दिसत नव्हता, दुसऱ्यातून फक्त सूर्योदयच दिसत होता. मग दिल्लीच नको असं ठरलं आणि नाशिक, रत्नागिरी, कोल्हापूर सुरू झालं. ताई आणि भाऊजी जाऊन आले. नाशिकला खडक छान होता पण पाण्याचं काही खरं नव्हतं. रत्नागिरीत सगळं छान होतं, पण समुद्र म्हणजे एका बाजूने जगच संपल्यासारखं वाटतं, असं ताई म्हणाल्या.

या सगळ्यात ताई खूश होत्या, हे विशेष. त्यांचे डोळे चमकत होते. वजन कमी झालं होतं, पण त्या आणखीच झपाझप चालत होत्या. क्वार्टरमध्ये अर्धं सामान खोक्यांत भरलेलं, अर्धं बाहेर. खोक्यांमधून वाट काढत एका रविवारी त्यांनी पुढच्या तीन घरांचा कार्यक्रम सांगितला, तेव्हा गार्गी एका खोक्यावर बसून होती. तिला नुकतीच दिल्लीत नोकरी लागली होती. ती फार शांतपणे म्हणाली, "आई, तू घर शोधत नाहीयेस. तू ट्रिपा काढतेयस."

"असं कसं? शोधतेच आहे ना," ताई म्हणाल्या. "घाईघाईत कुठेतरी शिरायचं का?"

"घाईघाईत? आई, बाबांना दर आठवड्याला ऑफिसातून विचारतात, क्वार्टर कधी सोडताय म्हणून. ते तुला सांगत नाहीत."

ताईंनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी खोक्यावरची सुतळी सोडवत होते, ती ते पुन्हा बांधू लागले. "निघेल काहीतरी मार्ग," ते पुटपुटले. त्या दिवशी तरीही आम्ही तीन घरं बघायला गेलो. आता वाटतं, तेव्हाच कुणीतरी अडवायला हवं होतं.

तिसरं घर ग्रेटर नोएडाच्या बाजूला होतं. चौथ्या मजल्यावर. लिफ्टचा नुसता खड्डा होता, लिफ्ट 'अगले महीने' येणार होती. ताई सगळ्यांच्या आधी वर पोहोचल्या आणि गच्चीवर गेल्या. मी धापा टाकत मागोमाग. त्या कठड्याशी उभ्या राहून धुरकट क्षितिजाकडे बोट दाखवत होत्या, "तिकडे हिंडन. दिसत नाही, पण झाडांची रांग बघ, ती नदीशिवाय अशी वळत नाही." तेवढ्यात ओवी धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आत्या, काका जिन्यात बसलेत. ते बोलत नाहीयेत."

आम्ही खाली धावलो. भाऊजी दुसऱ्या मजल्याच्या वरच्या पायऱ्यांवर भिंतीला टेकून बसले होते. कपाळावर घाम. माझा नवरा त्यांना वारा घालत होता, दलाल पाणी आणायला पळाला होता. गार्गी त्यांचा हात धरून बसली होती आणि आईकडे बघत नव्हती. ताई त्यांच्या समोर पायरीवर खालीच बसल्या. "अहो," त्या म्हणाल्या. "अहो, काय होतंय?"

भाऊजींनी थोड्या वेळाने डोळे उघडले. "काही नाही. बीपी असेल," ते म्हणाले. मग ताईंच्या हातावर हात ठेवून, जणू बसमध्ये शेजारच्याला सांगावं तसं म्हणाले, "अगं, मला आता कुठेतरी उतरू दे."

ताईंनी पदराने त्यांचं कपाळ पुसलं. डॉक्टरांकडे नेलं, बीपीच निघालं, गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली. संध्याकाळी त्यांना आर. के. पुरमला सोडून आम्ही परत निघालो. ओवी मागे झोपली होती. मी रागावले होते. मी म्हटलं, "ताईंना कळत कसं नाही? माणसाला बसायला एक जागा लागते. या बाईला एका ठिकाणी थांबायचं म्हटलं की काय होतं?"

माझ्या नवऱ्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "बाबांची बदली दर दोन-तीन वर्षांनी व्हायची. आज या धरणावर, उद्या त्या. सामान ट्रकमध्ये भरायचं आणि आम्ही दोघं ड्रायव्हरशेजारी बसायचो. मी चार-पाच वर्षांचा. ताई दहा-अकराची. तिची शाळा सुटायची, मैत्रिणी सुटायच्या. प्रत्येक वेळी वर्षाच्या मधेच, नवीन वर्गात मागच्या बाकावर. मी रडायला लागलो की ती मला म्हणायची, बाळ्या, सांग बघू आता कुठली नदी येणार? सूर्य कुठल्या बाजूला आहे? पहिला पूल ज्याला दिसेल त्याला गोळी. मी पूल शोधायला लागायचो. तिच्या खिशात नेहमी लिमलेटच्या गोळ्या असायच्या." त्याने आरशातून मागे ओवीकडे पाहिलं. "मला वाटायचं आपण सहलीला चाललोय. बराच मोठा होईपर्यंत मला कळलंच नाही की आपण घर सोडतोय."

त्यानंतर ताईंनी एकही घर बघितलं नाही. भाऊजींच्याच ऑफिसातले एक उडिया गृहस्थ निवृत्त होऊन कटकला परत चालले होते. त्यांचा वसुंधरेत, गाझियाबादच्या बाजूला, तळमजल्याचा एक जुना फ्लॅट होता. भाऊजी एकटेच जाऊन बघून आले आणि म्हणाले, मला पसंत आहे. ताई फक्त एकदा आमच्याबरोबर आल्या. हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, नदी नाही, डोंगर नाही, धड सूर्यही नाही. त्यांचा हात सवयीने पर्सकडे गेला, बाटली बाहेर आली. आम्ही सगळे श्वास रोखून. ताईंनी झाकण उघडलं, दोन घोट पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. घ्या." भाऊजी हसले, आणि मला वाटतं, त्या दिवसापासून त्यांचं बीपीही बरंच ताळ्यावर आलं.

सामान हलवलं त्या दिवशी कॉलनीत सगळे खाली आले होते. टेम्पोत पुढे ताई आणि ओवी बसल्या, तसा ओवीने हट्टच धरला होता. नंतर मी ओवीला विचारलं, आत्या वाटेत काय म्हणाली? "काही नाही," ओवी म्हणाली. "ती बाहेर बघत होती. मग मीच तिला विचारत होते, आता कुठला पूल येणार? ती सांगत होती."

मागच्या थंडीत, एका रविवारी, मी आणि ओवी वसुंधरेला गेलो. ओवी आता तेरा वर्षांची आहे. तिने येताना सगळं ठरवून ठेवलं होतं. हापुडच्या रस्त्याने गंगेचा कालवा कुठे लागतो ते तिला आत्याबरोबर बघायचं होतं. दारात शिरल्या शिरल्या तिने बेत सांगितला. ताई स्वेटरच्या बाह्या सरसावत म्हणाल्या, "आज नको गं, सोन्या. भाजीवाला येईल आता. त्याने माझ्यासाठी मेथी बाजूला ठेवलीय, कोवळी. मी नसले तर तो देईल दुसऱ्या कुणाला."

हातगाडी आलीच. ताई फाटकापाशी गेल्या, मी मागून. खरंच त्याने गोणपाटाखालून एक जुडी काढून त्यांच्या हातात दिली. शेजारी एक बाई फ्लॉवर निवडत होत्या, बहुतेक नव्याने राहायला आलेल्या. ताईंची हिंदी ऐकून त्यांनी विचारलं, "आप लोग कहाँ के हैं जी?"

ताई थांबल्या. मला वाटलं आता सुरू होतील. एवढं बोलण्यासारखं त्यांच्याकडे होतं, आणि समोर ऐकायला तयार असलेलं माणूस. त्यांनी जुडी छातीशी धरली.

"यहीं के," त्या म्हणाल्या. "तीन नंबर."

"अच्छा अच्छा," म्हणून त्या बाई फ्लॉवरच्या भावाकडे वळल्या. ताई परत येऊन दाराच्या पायरीवर उन्हात बसल्या आणि मेथी निवडायला लागल्या. आतून भाऊजींच्या रेडिओचा आवाज येत होता. मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं, ताईंनी बसावं, आपणही बसावं. तरी मी पायरीपाशी उभीच राहिले. समोरच्या रस्त्याने एक बस गेली. ओवीने तिच्याकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"आत्या, पुढच्या रविवारी जायचं?"

ताईंनी एक काडी मोडली, पानं परातीत टाकली.

"बघू," त्या म्हणाल्या.

हा शब्द मी ओवीला रोज ऐकवते. ताईंच्या तोंडून तो आम्ही दोघींनी पहिल्यांदाच ऐकला. ओवीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला ताईंच्या पायरीवर बसवलं. तिच्या शेजारी बसले आणि थोडी मेथी तिच्यापुढे सरकवली.